पोट आणि बोट

बरेच दिवस या विषयावर लिहायचं मनात होतं. मी डॉक्टर नाही, पण वैद्यकाचा इतिहास वाचायची खोड जुनी आहे आणि घरातल्या मंडळींना ती चांगलीच ठाऊक आहे. ताटावर बसून आतड्यांच्या गोष्टी सांगायच्या नाहीत असा आमच्याकडे आता नियमच झाला आहे. म्हणून इथे लिहितो. जेवण झाल्यावर वाचा म्हणजे झालं. :)

विषय आहे पोटदुखीचा. म्हणजे अचानक उठणाऱ्या, माणसाला दुमडून टाकणाऱ्या पोटदुखीचा. आणि पोट न उघडता, नुसत्या बोटांनी चाचपून आत काय बिघडलंय ते ओळखण्याच्या विद्येचा.

शरीराच्या बाकीच्या भागांचं एक बरं असतं. घसा 'आ' करून बघता येतो, छातीला नळी लावून ऐकता येतं. पोट मात्र बंद पेटी. आत जठर, यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड, कित्येक फूट आतडं आणि त्याच्या एका कोपऱ्यात लोंबणारं ते बोटभर अपेंडिक्स. यांतल्या कुणाचंही बिनसलं तरी माणूस सुरुवातीला एकच वाक्य बोलतो: "पोटात दुखतंय." गॅस झाला तरी तेच, आतडं फुटलं तरी तेच.

आता गंमत बघा. पोट दुखणं माणसाइतकंच जुनं, पण पोटावरच्या ज्या खुणा आज वैद्यकीय विद्यार्थी पाठ करतात त्या जवळजवळ सगळ्या १८८० ते १९२० या चाळीसेक वर्षांतल्या. असं का? त्याआधीचे डॉक्टर काय डोळे मिटून बसले होते? तसं नाही. त्याआधी नेमकं निदान झालं तरी उपयोग फारसा नव्हता, कारण पोट उघडणं म्हणजे बहुधा मरणच. १८४६ मध्ये ईथरची भूल आली, १८६७ मध्ये लिस्टरने जंतुनाशक वापरून ऑपरेशन करायची पद्धत मांडली, आणि त्यानंतर हळूहळू पोट उघडून माणूस जिवंत राहू लागला. तेव्हा कुठे प्रश्न पडला: उघडायचं, पण कुणाचं? आणि कधी? उशीर केला तर रोगी जाणार, उगाच उघडलं तरी जाऊ शकतो. त्या प्रश्नातून या खुणा जन्माला आल्या.

पहिलं नाव घ्यायचं ते बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झचं. हा सर्जन नव्हताच, मृतदेहांची चिकित्सा करणारा पॅथॉलॉजिस्ट. उजव्या कुशीत होणाऱ्या या जीवघेण्या आजाराला तोवर मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीचा आजार समजत. फिट्झने १८८६ मध्ये वॉशिंग्टनच्या एका सभेत अपेंडिक्स फुटलेल्या २५७ रोग्यांचा हिशोब मांडला आणि सांगितलं की दोष पिशवीचा नाही, त्या क्षुल्लक शेपटीचा आहे. 'अपेंडिसायटिस' हा शब्द त्याचाच. लक्षणं वाढत चालली तर वाट बघू नका, ऑपरेशन करा, हेही त्यानेच सांगितलं. ज्याने कधी हातात सुरी घेऊन जिवंत पोट उघडलं नाही, त्याने सर्जन लोकांना सुरी कधी उचलायची ते शिकवावं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

पुढचं पाऊल न्यूयॉर्कच्या चार्ल्स मॅकबर्नीचं. १८८९ मध्ये त्याने लिहिलं की अपेंडिक्स सुजलेल्या रोग्याच्या पोटावर एक अशी जागा असते, की तिथे एका बोटाने दाबलं की सगळ्यात जास्त दुखतं. कमरेच्या हाडाचं पुढे हाताला लागणारं टोक आणि बेंबी यांच्यामध्ये सरळ रेघ ओढा. हाडापासून दीड ते दोन इंचांवर ती जागा. पंजा नाही, मूठ नाही, एक बोट. हाच तो 'मॅकबर्नीचा बिंदू'. आज तुम्ही पोट धरून कुठल्याही दवाखान्यात गेलात तर डॉक्टरांचं बोट कधी ना कधी तिथे पोचतंच.

तिसरा शिकागोचा जॉन मर्फी. या माणसाने १९०४ मध्ये अपेंडिक्सच्या आपल्या दोन हजार ऑपरेशनांवर लेख लिहिला. एवढी पोटं बघितल्यावर त्याच्या लक्षात आलं की लक्षणांपेक्षा त्यांचा क्रम जास्त बोलका आहे. आधी दुखणार, बहुधा बेंबीभोवती किंवा वर. मग मळमळ, उलटी. मग उजव्या बाजूला खाली हात लावू देणार नाही. मग ताप. हा क्रम उलटा दिसला, म्हणजे आधी ताप किंवा आधी उलट्या आणि मग दुखणं, तर मर्फीला निदानाचीच शंका येई.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो. कारण हा क्रम मी आधी ऐकला होता. आजीच्या तोंडून.

माझे सगळ्यात धाकटे काका चौदाव्या वर्षी गेले. मी त्यांना पाहिलेलं नाही. १९५०च्या आसपासची गोष्ट, कोकणातलं घर, श्रावणातला पाऊस. आमच्याकडे "तो पोटदुखीने गेला" एवढंच म्हणतात. पण आजी सांगायची तेव्हा सगळं तपशीलवार सांगायची, दर वेळी त्याच शब्दांत. संध्याकाळी बेंबीभोवती दुखायला लागलं. बेंबी सरकली असेल म्हणून शेजारच्या काकूंनी तेल लावून पोट चोळलं. रात्री भात नको म्हणाला, दोनदा उलटी झाली. सकाळी दुखणं उजवीकडे खाली उतरलं, वाकून चालायला लागला. अंग तापलं. रात्री एरंडेल दिलं. तिसऱ्या दिवशी दुपारी म्हणाला, "आई, आता बरं वाटतंय," आणि झोपला. घराला हायसं वाटलं. संध्याकाळी पोट फुगलं आणि फळीसारखं कडक झालं. डॉक्टर खाडीपलीकडे, आणि त्या पावसात होडी कोण घालणार? पाचव्या दिवशी पहाटे गेले.

आजीने मर्फीचं नाव ऐकलेलं असणं शक्यच नव्हतं. पण तिने तीस वर्षं जपून ठेवलेली ती हकीकत म्हणजे अपेंडिक्सचं पुस्तकी वर्णन आहे, एकही पायरी न चुकलेलं. त्या मधल्या 'बरं वाटतंय'सकट. फुगून ताणलेलं अपेंडिक्स फुटलं की आतला ताण जातो, दुखणं काही वेळ कमी होतं. मग पू पोटभर पसरतो.

आणि बेंबीचं म्हणाल तर त्यालाही कारण आहे. अपेंडिक्सच्या नसा पाठीच्या कण्यात ज्या पातळीला शिरतात, तिथेच बेंबीभोवतीच्या कातडीच्या नसाही शिरतात. त्यामुळे सुरुवातीला मेंदूला पत्ता नीट लागत नाही, तो बेंबीकडे बोट दाखवतो. पुढे सूज वाढून पेरिटोनियमला, म्हणजे पोटाच्या आतल्या पातळ अस्तराला टेकली की त्या अस्तराच्या नसा मात्र अचूक जागा सांगतात. दुखणं 'उतरतं' ते असं. बेंबी सरकली असं मानणाऱ्यांना जे दिसलं ते खरंच होतं, अर्थ तेवढा वेगळा होता. एरंडेल फक्त आपल्याच घरातलं होतं असंही समजू नका. पोट दुखलं की जुलाबाचं औषध हा युरोप-अमेरिकेतल्या घरांतलाही रिवाज होता आणि तिथल्या सर्जन लोकांना त्याविरुद्ध वर्षानुवर्षं ओरडावं लागलं.

आता जरा राजवाड्यात जाऊ. इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड. राज्याभिषेक २६ जून १९०२ला ठरलेला, जगभरचे पाहुणे लंडनमध्ये जमलेले. त्यात आपले कोल्हापूरचे शाहू महाराजही होते. आणि ऐन वेळी राजाच्या पोटात उजवीकडे दुखायला लागलं, गाठ लागू लागली, ताप चढला. फ्रेडरिक ट्रीव्ह्ज हा तेव्हाचा नावाजलेला सर्जन. राजा समारंभ सोडायला तयार नव्हता, पण शेवटी २४ जूनला बकिंगहॅम राजवाड्यातच ट्रीव्ह्जने त्याचं पोट उघडून पू काढला. अपेंडिक्सला हातही लावला नाही. राजा वाचला, ९ ऑगस्टला अभिषेक झाला, आणि अपेंडिक्सचं ऑपरेशन ही घाबरण्यासारखी गोष्ट राहिली नाही, असं सामान्य लोकांनाही वाटू लागलं. पण या ट्रीव्ह्जची एक बाजू फारशी सांगितली जात नाही. ऐन दुखण्यात घाई करू नये, सूज ओसरल्यावर ऑपरेशन करावं, अशा मताचा तो होता. आणि दोनच वर्षांपूर्वी, १९०० मध्ये, त्याची स्वतःची मुलगी अपेंडिक्स फुटूनच गेली होती. राजाच्या पोटावर हात ठेवताना त्याच्या मनात काय आलं असेल?

पुढे १९२६ मध्ये मुंबईत परळला एक मोठं इस्पितळ उघडलं आणि त्याला या राजाच्या स्मरणार्थ नाव दिलं गेलं: किंग एडवर्ड मेमोरियल. आपलं केईएम! पोट धरून तिथे गेलेल्या किती जणांना माहीत असेल, की ज्याच्या नावाच्या इस्पितळात आपण आलो तो राजाही असाच पोट धरून आडवा झाला होता?

१९०७ साली एकाच वेळी दोन नव्या खुणा आल्या. कोपनहेगनच्या थॉर्किल्ड रोव्हसिंगने सांगितलं, की पोट डावीकडे दाबा. कळ उजवीकडे उठली तर अपेंडिक्स समजा. बर्लिनच्या याकोब मोरिट्झ ब्लुमबर्गने सांगितलं, की पोट सावकाश दाबा आणि हात झटकन उचला; दाबताना दुखतं त्याहून सोडताना जास्त दुखलं तर आतल्या अस्तराला सूज आहे. (हा ब्लुमबर्ग ज्यू. नाझी राजवटीत त्याला जर्मनी सोडून इंग्लंड गाठावं लागलं.) शिवाय मर्फीचीच पित्ताशयाची खूण होती, १९०३ची. उजव्या बरगड्यांखाली बोटं रोवून रोग्याला खोल श्वास घ्यायला सांगायचं. पित्ताशय सुजलेलं असेल तर ते खाली येऊन बोटांना लागतं आणि रोग्याचा श्वास मध्येच अडकतो.

या सगळ्या खुणा ओळीने मांडल्या तर एक गोष्ट लक्षात येते, आणि खरं तर त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. प्रत्येक खुणेत डॉक्टर रोग्याला दुखवतो आहे. हलक्या हाताने, चांगल्या हेतूने, पण दुखवतोच आहे. कारण बंद पेटीतून बाहेर येणारी बातमी एकच, वेदना. डॉक्टरांच्या लेखी ती भाषा, रोग्याच्या लेखी ती यातना.

यातून पुढे जे झालं ते विचार करण्यासारखं आहे. झॅकरी कोप हा लंडनचा सर्जन. पहिल्या महायुद्धात तो मेसोपोटेमियात होता, जिथे आपल्या मराठा पलटणीही लढल्या. १९२१ मध्ये त्याने तीव्र पोटदुखीच्या लवकर निदानावर एक छोटेखानी पुस्तक लिहिलं. विसाव्या शतकात या विषयावर याच्याइतकं टिकलेलं पुस्तक नाही. पन्नास वर्षं तो स्वतः त्याच्या आवृत्त्या काढत राहिला. गडी असा हौशी, की १९४७ मध्ये हाच विषय त्याने टोपणनावाने पद्यात लिहून काढला! त्याचा एक नियम आजही सांगतात: आधी ठणठणीत असलेल्या माणसाचं जोराचं पोटदुखणं सहा तासांहून जास्त टिकलं, तर ते बहुधा सर्जनचं काम असतं.

पण त्याच पुस्तकाने आणखी एक नियम पक्का केला. निदान होईपर्यंत मॉर्फिन देऊ नका. दुखणं झाकलं तर खुणा झाकल्या जातील, सर्जन फसेल. त्या काळात हे चुकीचं नव्हतं. डोस मोठे असत, सोनोग्राफी-सीटी काही नव्हतं, गुंगीत असलेल्या रोग्याचं पोट कोण वाचणार? पण काळ बदलला तरी नियम राहिला. पिढ्यान्‌पिढ्या, देशोदेशी, माणसं कळवळत राहिली आणि "सर्जन बघेपर्यंत इंजेक्शन मिळणार नाही" हे ऐकत राहिली. तुमच्यापैकी काही जणांनीही ऐकलं असेल. हा नियम खरा आहे का, हे पाहायला फार उशीर लागला. १९९२ मध्ये ब्रिटनमध्ये १०० रोग्यांवर एक प्रयोग झाला. काहींना अफूवर्गातलं वेदनाशामक दिलं, काहींना नुसतं सलाईनचं पाणी. औषध मिळालेल्यांचं दुखणं कमी झालं आणि निदानात काही बिघडलं नाही. पुढच्या अभ्यासांतही तेच निघालं. कोपच्या पुस्तकाच्या पुढच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या विल्यम सायलेन यांनीच त्या पुस्तकात या प्रथेला क्रूर म्हटलं. खूण रोग्यासाठी असते, रोगी खुणेसाठी नसतो, ही साधी गोष्ट कळायला सत्तर वर्षं!

मग दुखवल्याशिवाय पोट वाचता येतं का? थोडंफार येतं. ब्लुमबर्गसारखा हात झटकन उचलण्याऐवजी रोग्याला नुसतं खोकायला सांगतात. किंवा टाचा उंच करून धपकन टेकवायला सांगतात. आतलं अस्तर सुजलं असेल तर तेवढ्या हादऱ्यानेही कळ येते. यातला माझा आवडता अभ्यास २०१२चा, इंग्लंडच्या स्टोक मँडेव्हिल इस्पितळातला. तिथल्या डॉक्टरांनी रोग्यांना विचारलं: गाडीतून येताना स्पीडब्रेकरवर दुखलं का? स्पीडब्रेकरवरून आलेले ६४ जण होते. त्यांतल्या ३४ जणांना अपेंडिसायटिस निघाला, आणि त्या ३४पैकी ३३ जणांना स्पीडब्रेकरवर कळ आली होती. म्हणजे स्पीडब्रेकरवर काहीच झालं नाही तर अपेंडिक्सची शक्यता बरीच कमी. उलट बाजू मात्र लंगडी आहे. अपेंडिक्स नसलेल्या बऱ्याच जणांनाही दुखलं होतं. आपल्याकडे हा प्रयोग करायला वेगळे स्पीडब्रेकर शोधायची गरज नाही, रस्तेच पुरेत!

ही लंगडी बाजू सगळ्याच खुणांना आहे, हे मोकळेपणाने सांगायला हवं. अपेंडिक्स प्रत्येकाच्या पोटात एकाच जागी नसतं. कुणाचं आतड्याच्या मागे दडलेलं, कुणाचं खाली ओटीपोटात उतरलेलं. म्हातारपणी खुणा पुसट होतात. एकट्या खुणेवर भरवसा ठेवला तर फसायला होतं, म्हणून त्यांची मोळी बांधायची कल्पना निघाली. अल्फ्रेडो अल्वाराडो या सर्जनने १९८६ मध्ये फिलाडेल्फियातल्या ३०५ रोग्यांच्या नोंदींवरून दहा गुणांचा तक्ता केला. दुखणं सरकलं का, भूक गेली का, मळमळ आहे का, उजवीकडे दाबल्यावर दुखतं का, हात उचलल्यावर दुखतं का, ताप आहे का, आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे दोन आकडे. हिशोब केलात तर दहापैकी सात गुण रक्ताचा थेंबही न काढता मिळतात. विचारून, हात लावून आणि थर्मामीटर ठेवून.

त्याच १९८६ मध्ये हॉलंडच्या पुयलार्ट नावाच्या डॉक्टरने सोनोग्राफीने अपेंडिक्स बघायची रीत दाखवली. ती रीत काय होती? सोनोग्राफीचा ठोकळा दुखऱ्या जागी हळूहळू दाबत न्यायचा, म्हणजे मधला गॅस आणि आतडी बाजूला होतात. पुन्हा दाबणं आलंच. आणि मर्फीची ती पित्ताशयाची खूण? ती आज सोनोग्राफीच्या रिपोर्टात असते. ठोकळा पित्ताशयावर दाबल्यावर दुखलं की नाही, याची नोंद मर्फीच्याच नावाने करतात. यंत्र आलं, पण यंत्राच्या टोकाला बोट राहिलंच.

उपचारही आता पहिल्यासारखे सरसकट राहिलेले नाहीत. २०२० मध्ये अमेरिकेत १,५५२ रोग्यांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्यांना ऑपरेशनऐवजी अँटिबायोटिक दिलं. त्यांतल्या दहापैकी सुमारे तिघांना तीन महिन्यांत ऑपरेशन करावं लागलं, बाकीच्यांचं तेवढ्या काळात टळलं. फिट्झ-मॅकबर्नींनी हे ऐकलं असतं तर भुवया उंचावल्या असत्या. पण त्यांच्याकडे अँटिबायोटिकही नव्हतं आणि आत डोकावणारं यंत्रही नव्हतं. होती ती दहा बोटं.

हल्ली एक तक्रार सारखी ऐकू येते, की डॉक्टर पोटाला हातच लावत नाहीत, थेट सीटीला पाठवतात. मला स्वतःला यात सरसकट कुणाला दोष द्यावासा वाटत नाही. सीटीमुळे उगाच होणारी ऑपरेशनं टळली आहेत. पण कोणाला सीटीला पाठवायचं, किती घाईने पाठवायचं, आणि रिपोर्ट चांगला असूनही कोणाला घरी सोडायचं नाही, हे ठरवायला आधी पोटावर हात पडलेला असावा लागतो. आणि जिथे सीटी पन्नास किलोमीटरवर आहे, तिथे तो हातच सगळं काही असतो.

शेवटी आपल्यासारख्यांसाठी एकच. निदान आपण करायचं नाही, तेल-एरंडेल तर नाहीच नाही. पण एक गोष्ट घरचीच माणसं करू शकतात: क्रम लक्षात ठेवणं. दुखणं किती वाजता सुरू झालं, कुठे सुरू झालं, मग कुठे गेलं, उलटी आधी की दुखणं आधी, शेवटचं खाल्लं कधी. डॉक्टरांना हे नीट सांगितलंत तर त्यांचं अर्धं काम झालं. आणि उपचाराशिवाय दुखणं एकदम थांबलं, तर 'सुटलो' म्हणून निजू नका. त्याच वेळी निघा.

असो. बराच लांबला लेख. आता खुशाल जेवायला बसा!